‘आलं’ म्हणेपर्यंत थांबा

मी एक जुना सांधा आहे. हाडांचा नव्हे, बसचा. मित्रांनो, दोन डबे एकामागे एक जोडलेली लांबलचक बस तुम्ही पाहिली असेल. वळताना ती मधूनच वाकते. जिथे वाकते, तिथला मी. तिथे पायाखाली एक मोठी गोल तबकडी असते आणि दोन्ही बाजूंना भात्यासारख्या रबरी घड्या असतात. पुढच्या डब्याला लोक ‘बस’ म्हणतात, मागच्याला ‘शेपूट’ म्हणतात, आणि मला काहीच म्हणत नाहीत. ‘जरा त्या गोलावरून पुढे सरका,’ एवढाच माझा उल्लेख. मी धड ना पुढचा, ना मागचा. याचा मला पूर्वी फार राग यायचा. आता मी डेपोच्या मागच्या अंगणात फाटक्या भात्यासकट पडून आहे. इथे रागवायलाही समोर कुणी नाही, म्हणून तुम्हाला गाठलंय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाची दोन जाड कडी एकात एक बसवली, मधे बेअरिंगच्या गोळ्या भरल्या, ग्रीस चोपडलं. मग एका मिस्त्रीनं एका बोटानं मला फिरवून पाहिलं आणि मी गिरकी घेतली. मला वाटलं, शाबासकी मिळणार. मिस्त्री शेजारच्या माणसाला म्हणाला, “नुसतं फिरायला काय लागतं? दारसुद्धा फिरतं. याला अडत अडत फिरता आलं पाहिजे.” आणि त्यांनी माझ्या पोटाखाली तेलानं भरलेले दोन जाडजूड दट्टे बसवले. त्यानंतर मला एका बोटानं कुणी फिरवू शकलं नाही.

या दट्ट्यांचं काम नीट ऐकून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं आहे. मी फार घट्ट असलो तर बस वळणारच नाही. फार सैल असलो तर शेपूट मनाला येईल तशी हेलकावे खाईल. त्यातून आमच्या बसचं इंजिन मागच्या डब्यात. म्हणजे ढकलणार मागचा आणि दिशा दाखवणार पुढचा. दोघांचं एकमत आहे तोवर सगळं छान. पण रस्ता निसरडा असला आणि पुढचा वळायला लागला, तरी मागचा आपल्याच तंद्रीत सरळ ढकलत राहतो, आणि बस घडीच्या चाकूसारखी मिटायला लागते. अशा वेळी दट्ट्यांमधल्या तेलाच्या जोरावर मी दोघांना अडवून धरायचं असतं. भांडणाऱ्या दोघांच्या मधे उभं राहणं म्हणजे काय ते मला जन्मापासून ठाऊक आहे.

मी नवा होतो तेव्हा माझं कौतुक काय वर्णावं! लहान मुलं मुद्दाम माझ्या तबकडीवर उभी राहायची. एक पाय पुढच्या डब्यात, एक मागच्यात, आणि बस वळली की पाय फाकत जायचे, हसू फुटायचं. मोठी माणसं आधी बिचकली. एक गृहस्थ तर रोज माझ्यावरून उडी मारून जायचे, जणू खाली विहीर आहे. हळूहळू सवय झाली आणि मला लोक विसरले. काम नीट करणाऱ्याचं असंच होतं.

आमच्या मार्गावर एक अवघड वळण होतं. उड्डाणपुलाचा उतार संपतो न संपतो तोच रस्ता बेकरीच्या कोपऱ्यावरून काटकोनात वळायचा. लांब बसचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते कोपरा आतून कापतं. पुढचा डबा मजेत वळला तरी मागचं चाक फुटपाथवर चढू शकतं, आणि फुटपाथवर तर पाव घेणाऱ्यांची रांग. ड्रायव्हरला आरशात काय दिसणार? त्या वळणावर एका आरशात माझ्या घड्या दिसायच्या आणि दुसऱ्यात समोरची दुकानं. म्हणून मागच्या डब्यातल्या कंडक्टरनं खिडकीतून चाकावर नजर ठेवायची आणि चाक कोपऱ्यातून सुटलं की हाक द्यायची, “आलं!” म्हणजे मागचं आलं. मगच ड्रायव्हरनं हातातलं चाक सरळ करून वेग घ्यायचा. ‘आलं’ म्हणेपर्यंत थांबा, हा आमच्या मार्गाचा कायदाच होता.

ही हाक द्यायच्या त्या वहिनी, आणि ऐकायचे ते भाऊजी. खरोखरीचेच वहिनी आणि दीर. डेपोत एका जागी लागले, जोडी जमली, आणि सगळा डेपो त्यांना याच नावांनी ओळखायला लागला. वहिनींचा आवाज खणखणीत. एकदा कुणी नवखे काका मागे बसले होते. वळणावर वहिनींनी “आलं!” म्हणून हाळी दिली, तर काकांनी पिशवी उघडून विचारलं, “कसं दिलं?”

वहिनी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, “चहापुरतं हवंय की अर्धा किलो?”

पुढून भाऊजी ओरडले, “वहिनी, मलाही घेऊन ठेवा थोडं, घसा बसलाय!”

सगळी बस हसली. त्या हसण्यानं माझ्या घड्यासुद्धा हलल्या असतील. दोन्ही डब्यांचं हसू माझ्यातूनच जायचं ना!

भाऊजींची आई, म्हणजे वहिनींच्या सासूबाई, कधीमधी आमच्याच बसनं जायच्या. त्या काही महिने थोरल्याकडे म्हणजे वहिनींच्या घरी, काही महिने धाकट्याकडे म्हणजे भाऊजींकडे राहायच्या. मुक्काम बदलायचा दिवस आला की कापडी पिशवी घेऊन बसमध्ये चढायच्या आणि थेट माझ्या तबकडीच्या कडेला असलेल्या सीटवर येऊन बसायच्या. पुढे जागा असो, मागे जागा असो, आजी तिथेच. शेजारणीनं एकदा विचारलं, “अहो, तिथं किती हलतं. इकडे या ना.”

“नको बाई,” आजी म्हणाल्या, “पुढे बसले तर सुनेला वाटायचं लेकाची, मागे बसले तर लेकाला वाटायचं सुनेची. मधलं बरं. इथं फक्त पोटात ढवळतं.”

त्या दिवसापासून आजी मला माझ्या जातीच्या वाटू लागल्या.

मग ते भांडण झालं. शेवटच्या थांब्यावर, रिकाम्या बसमध्ये, माझ्या तबकडीवर उभं राहूनच. आजी थोरल्याकडून धाकट्याकडे आल्या होत्या आणि आल्या आल्या तापानं पडल्या होत्या. भाऊजी काळजीत होते. काळजीत माणूस वाकडं बोलतो. ते म्हणाले, “वहिनी, रागावू नका, पण तुमच्याकडून आली की आई दर वेळी वाळूनच येते.”

वहिनींचं तोंड उतरलं. “म्हणजे आम्ही उपाशी ठेवतो त्यांना?”

“तसं कुठं म्हणालो मी?”

“आणखी कसं म्हणतात? एवढं आहे तर ठेवा ना तुमच्याकडेच. कायमच्या!”

“ठेवीन. जड नाही झाली मला माझी आई.”

“मला झाली, असंच ना? बरं. आजपासून तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते. माझ्याशी बोलायचं कारण नाही.”

झालं, त्या क्षणापासून अबोला. घरच्या अबोल्यात निदान भांडी आपटून काही कळवता येतं. इथे अख्ख्या बसची माणसं दोघांच्या भरवशावर बसलेली, आणि दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली!

मला वाटलं, बेकरीचं वळण आलं की वहिनींना बोलावंच लागेल. पण वहिनी हट्टाच्या पक्क्या. वळण आलं, त्यांनी खिडकीतून चाक पाहिलं, आणि हातातलं तिकिटाचं मशीन दांड्यावर आपटलं. टक! भाऊजींनी ओळखलं. चाक सरळ केलं, वेग घेतला. दुसऱ्या फेरीला टक. तिसऱ्या फेरीला टक. शब्दावाचून काही अडत नाही, असं दोघांनाही वाटू लागलं. डेपोतली माणसंही गालात हसायची, म्हणायची, “काय, अळीमिळी गुपचिळी चालू आहे वाटतं!” मला मात्र हसू येत नव्हतं.

कारण त्याच सुमाराला माझ्या एका दट्ट्याचं तेल गळायला लागलं होतं.

मित्रांनो, सांध्याला बोलता येत नाही, कुरकुरता येतं. ते मी मन लावून केलं. मागच्या डब्यात बसणाऱ्या वहिनींना ती कुरकुर रोज ऐकू यायची. शेवटच्या थांब्यावर बस उभी राहिली की माझ्याखाली जमिनीवर काळा डाग पडायचा, तोही त्या पाहायच्या, एकदा तर चपलेच्या टोकानं पुसून पाहिला. तिकडे भाऊजींना चाकावर वेगळंच जाणवत होतं. बस सरळ झाली तरी शेपूट काही वेळ हलतच राहायची, खोडकर मुलानं मागून सदरा ओढावा तशी. पूर्वी एव्हाना वहिनी म्हणाल्या असत्या, “भाऊजी, मधे काहीतरी कुरकुरतंय हो,” आणि भाऊजी म्हणाले असते, “तरीच मागचं हलतंय!” दोन अर्धवट गोष्टी जुळून एक पूर्ण गोष्ट झाली असती. आता अर्धी पुढे राहिली आणि अर्धी मागे. ठोक्यानं ‘मागचं आलं’ एवढं सांगता येतं. ‘तेल गळतंय’ हे सांगता येत नाही.

पुढच्या डब्यात माझ्या नावाचा एक दिवाही होता, सांध्यात बिघाड झाला की पेटणारा. पण तो म्हातारपणी उगीचच पेटायचा. त्याचा लाल उजेड डोळ्यांत येतो म्हणून कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावून टाकली होती. म्हणजे माझं एक तोंड होतं, तेही बंद.

डेपोतला मेकॅनिक माणूस वाईट नव्हता. ठरलेल्या तपासणीला आला, माझ्या तबकडीवर उभा राहिला आणि भाऊजींना त्यानं विचारलं, “मधून काही आवाज येतो का? तेलबिल दिसलं कुठं?”

“मागचं मला काय विचारता?” भाऊजी म्हणाले. “मागे माणसं आहेत, त्यांना विचारा.”

मेकॅनिक वहिनींकडे वळला. “वळणातून सुटल्यावर गाडी हलते का हो?”

“गाडी मी नाही चालवत. चालवणारे सांगतील.”

मेकॅनिकनं पुढे पाहिलं, मागे पाहिलं. भाऊजी आरसा पुसत होते, वहिनी सुटे पैसे लावत होत्या. “बरं, म्हणजे काही नाही,” असं म्हणून त्यानं हात पुसले आणि तो शेजारच्या बसकडे गेला. मी त्याच्या पायाखाली जीव तोडून कुरकुरलो. पण उभ्या बसमध्ये माझी कुरकुर ती किती!

आणि मग आजींचा मुक्काम बदलायचा दिवस आला. ‘कायमच्या ठेवा’ हे रागाचं बोलणं आजींनी मनावर घेतलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे थोरल्याकडे जायचं म्हणून त्या पिशवी घेऊन बसमध्ये चढल्या, पुढे लेकाकडे पाहून हसल्या, मागे सुनेकडे पाहून हसल्या आणि माझ्या कडेच्या सीटवर बसल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, “बाई गं, आज जास्तच हलतंय.” ते पुढेही ऐकू गेलं, मागेही ऐकू गेलं. भाऊजींनी बस सुरू केली, वहिनींनी पुढचं तिकीट काढलं.

त्या सकाळी बेकरीसमोर पाण्याची पाइपलाइन फुटली होती. वळणावर पाणी, पाण्यात मुरूम, सगळा रस्ता बुळबुळीत. भाऊजींनी उतारावरच वेग कमी केला, सांभाळून चाक वळवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पुढचा डबा वळला. पण मागचा वळेना. तो घसरत घसरत सरळच निघाला आणि मला ढकलू लागला. मी सवयीनं अडायला गेलो, आणि मला कळलं की माझ्या एका बाजूला जोरच उरलेला नाही.

वहिनींनी खिडकीतून पाहिलं. मागचं चाक कोपऱ्याला लागून नव्हतंच, ते भलतीकडे चाललं होतं. त्या घाबरल्या. त्यांना भाऊजींना सावध करायचं होतं. पण इतक्या दिवसांत तोंडाची सवय हाताला लागली होती. हातातलं मशीन त्यांनी दांड्यावर आपटलं. टक! टक!

भाऊजींना ऐकू आलं ते ‘आलं.’

त्यांनी चाक सरळ केलं आणि वेग दिला.

मागचं इंजिन गरजलं आणि शेपूट पूर्ण जोरानं माझ्यावर आली. माझ्या एका बाजूच्या घड्या चेपल्या, दुसऱ्या बाजूच्या टराटरा फाटल्या, बाहेरचा उजेड आत शिरला. बस चाकूसारखी मिटत चालली होती, आणि त्या मिटणाऱ्या पात्यांच्या मधे आजींची सीट होती.

“भाऊजी, नाही!” वहिनी किंचाळल्या. “आलं नाही! आलं नाही! पाय काढा!”

इतक्या दिवसांनी त्या भाऊजींशी बोललेला तो पहिला शब्द. भाऊजींनी पाय काढला. मागचा जोर तुटला, माझ्या उरलेल्या दट्ट्यानं दात-ओठ खाऊन धरून ठेवलं, आणि बस बेकरीच्या खांबाला घासून थांबली. रांगेतली माणसं आधीच पळाली होती. बसमध्ये कुणाचं कपाळ खरचटलं, कुणाचा चष्मा फुटला. पण आजी सीटवरून उडून माझ्या तबकडीवर पडल्या होत्या, आणि त्यांना उठता येत नव्हतं. त्यांचा खुबा मोडला होता. सांध्यातच. ते पुढे डॉक्टरांनी सांगितलं, पण मला त्यांच्या पडण्याच्या आवाजावरूनच समजलं होतं.

भाऊजी पुढून धावत आले, वहिनी मागून. दोघंही आजींच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसले. भाऊजी म्हणाले, “आई, कुठं लागलं गं?” वहिनी म्हणाल्या, “आई, बघा माझ्याकडे, मी आहे ना.” दोघंही आजींशीच बोलत होते. एकमेकांशी अजून एक शब्दही नव्हता.

आजींनी डोळे मिटून घेतले. वेदनेनं त्यांचा श्वास तुटत होता. म्हणाल्या, “माझ्याशी नको रे. एकमेकांशी बोला. मला उचलायचंय ना?”

बेकरीवाल्यानं पाव ठेवायची लांब फळी आणून दिली. दोघांनी आजींना कसंबसं तिच्यावर घेतलं. पण बस मिटल्यामुळे दाराशी जायची वाट वाकडी झाली होती. फळी लांब, वाट अरुंद, आणि जरा धक्का लागला की आजी कळवळायच्या. भाऊजी पुढचं टोक धरून पाठमोरे चालत होते. फळीचं मागचं टोक त्यांना दिसत नव्हतं. ते वहिनींच्या हातात होतं.

“वहिनी,” भाऊजी म्हणाले, “तुम्ही सांगाल तसा वळतो.”

“थोडं तिकडे घ्या. अजून. हळू हो, पाय लागतोय त्यांचा. थांबा. थांबा म्हटलं ना. आता वळा.”

भाऊजी वळले. मागचं टोक माझ्या फाटक्या घड्यांना घासत, दाराच्या खांबाजवळून हळूहळू सुटत गेलं. भाऊजी दारात एक पाय बाहेर, एक आत, असे खोळंबून उभे होते. पायऱ्या उतरायला ते एका शब्दाची वाट पाहत होते.

“आलं, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, आणि ढसाढसा रडल्या.

माझ्यातून गेलेलं ते शेवटचं ‘आलं.’ त्यानंतर ती बस रस्त्यावर गेली नाही. पुढचा डबा एकीकडे गेला, मागचा दुसरीकडे, आणि मला काढून इथे टाकलं. मेकॅनिक अधूनमधून येतो, माझ्यातला एखादा बोल्ट काढून नेतो. एकदा त्याच्या सोबत्याशी बोलताना मी ऐकलं. आजी पुन्हा आपल्या पायांवर चालल्या नाहीत. त्यांचा मुक्काम आता बदलत नाही. त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ दीर आणि भावजय दोघंही हजर असतात. एक खांद्याला धरतो, एक पायांना. “बोलतात का आता?” सोबत्यानं विचारलं. “बोलतात,” मेकॅनिक म्हणाला, “पण आधीसारखे हसत नाहीत.” मग त्यानं माझ्या सुकलेल्या दट्ट्यावरची धूळ बोटानं पुसली.

मित्रांनो, मला आता तेल नको. माझी वेळ गेली. पण तुमच्या घरात, तुमच्या शाळेत, दोन माणसांच्या मधे कुणीतरी सांधा असतो. तो हलतो, चेपतो, आणि तक्रार म्हणून फक्त थोडासा कुरकुरतो. ती कुरकुर ऐकलीत तर ज्याच्याशी भांडण आहे त्यालाही सांगा. भांडण नंतर पुरं करा, हवं तर. आणि अवघड वळणावर नुसत्या ठोक्यावर विसंबू नका. मागे विचारा, “आलं का?” आणि मागून तोंडानं उत्तर येईपर्यंत थांबा.